मक्याच्या पिठावरचं गाणं

नाव : श्रीमती ओलेटा रूथ टॅकेट. वय : अठ्ठ्याहत्तर. उंची : मध्यम, केशरचना धरल्यास जास्त. व्यवसाय : 'ब्लू हेफर' या नृत्यगृहाचे स्वयंपाकघर व नृत्यभूमी यांची देखभाल. सदर महिला ही कै. आर्लिस टॅकेट यांच्या 'फाटकापासून दिसतो दिवा' या अजरामर गीताची प्रेरणा असून, गीताची संथ, शोकाकुल लय तिच्या विरहातून जन्मास आली. या गीतावर सदर महिलेने आजन्म नृत्य केले नाही.

हा आमच्या कॉटनवुड काउंटीच्या इतिहास समितीने ब्लू हेफरच्या दाराशी लावायच्या पाटीसाठी मंजूर केलेला मजकूर. पाटीवर उंची कशाला, असं एका सभासदाने विचारल्यावर ती ओळ तेवढी गळाली. बाकीचं जसंच्या तसं पितळेत ओतलं गेलं. ब्लू हेफरला 'नृत्यगृह' म्हणणारी आमच्याकडे ही समितीच पहिली. आम्ही त्याला हॉन्की-टॉन्क, म्हणजे नाचगाण्याचा गुत्ता, म्हणतो, आणि चर्चला जाणारी माणसं त्याला काहीच म्हणत नाहीत; नुसती मागच्या दाराने आत येतात.

समितीच्या अध्यक्ष मॉरीन बॅलेंजर मजकूर वाचून दाखवायला गेल्या, तेव्हा ओलेटा मासे तळत होती.

"विरह कुठून आणलास गं, पोरी?"

"मिस ओलेटा, तो लयीत ऐकू येतो ना!"

"लयीत पीठ ऐकू येतं."

मॉरीनबाईंना वाटलं, म्हातारी तळणाविषयी बोलते आहे.

ती बोलत होती गाण्याविषयीच. त्रेपन्न साली तिचा नवरा आर्लिस तेलविहिरीवर कामाला होता. सोमवारी जायचा, शुक्रवारी यायचा. विरह म्हणतात तो एवढाच. दर शुक्रवारी गुरांच्या फाटकापाशी ट्रक आला की ओसरीवरचा दिवा दिसे, आणि भूक लागलेला माणूस तिथून जितका वेग घेईल तितका तो घेई. त्या वेगावर त्याने गाणं बांधलं. 'फाटक ओलांडलं, दिवा दिसला, राणी, दार लोटून ठेव.' कोंबडी मागे लागल्यासारखी चाल. ओलेटाला नाचताना वेग आवडायचा, म्हणून तिच्यासाठीच केलेली.

शनिवारी ब्लू हेफरमध्ये गाणं पहिल्यांदा वाजणार होतं. नाच सुरू व्हायच्या आधी लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरायचं, म्हणजे बुटांचे चामडी तळवे लोण्यावरून गेल्यासारखे घसरतात, हा आमच्याकडचा रिवाज. पीठ भुरभुरायचं काम ओलेटाचं. त्या दिवशी गाण्याच्या आनंदात तिने दुसरं पोतं उचललं. कॉर्नब्रेडसाठी आणलेलं ते पीठ. त्यात मैदा आणि सोडा आधीच मिसळलेला. कोरडं होतं तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बिअर सांडली. बिअर काय, ती दर शनिवारी सांडतेच. जमिनीवर खळ तयार झाली.

आर्लिसने गाणं सुरू केलं आणि जोड्या जागच्या जागी रुतल्या. एक पाय उचलायचा म्हणजे आधी विचार करावा लागे. आता आमच्या वाद्यवृंदाचा पहिला नियम असा, की गाणाऱ्याच्या गळ्यासाठी नाही, नाचणाऱ्याच्या पायांसाठी वाजवायचं. पाय मंदावले, वाद्यं मंदावली. स्टील गिटारवर होइट लिंडेमन होता. त्याने पोलादी पट्टी तारांवरून अशी काही लांबवत नेली, की घरी निघालेला माणूस कधीच घरी पोचणार नाही असं वाटायला लागलं. पडू नये म्हणून जोड्यांनी एकमेकांना घट्ट धरलं. ते लांबून प्रेमासारखं दिसत होतं. कोपऱ्यात डॅलसहून आलेला एक रेकॉर्डवाला बसला होता. तो ढसाढसा रडला.

रेकॉर्ड त्याच लयीत निघाली, आणि मग साऱ्या टेक्सासला ती त्याच लयीत हवी झाली. आर्लिसने दोन-तीनदा गाणं वेगाने म्हणून पाहिलं, तर लोक म्हणाले, आम्ही रडायला आलोय, घाई कसली? घरी स्वयंपाकघरात तो मूळ चालीने म्हणायचा. पण तिथे शेगडी, टेबल आणि आर्लिस एवढं मावल्यावर नाचायला जागा उरत नसे. आर्लिस गेला तो गावजेवणात तिसऱ्यांदा वाढून घेताना, समाधानाने. ओलेटा गाणं लागलं की बसून राही. "ह्याला नाच म्हणतात? ही उभ्याने काढलेली झोप आहे," म्हणे. समितीने यातलं बसणं तेवढं टिपलं.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. एकदा, त्याच जमिनीवर, आर्लिसने बांधलं तसं ते वाजावं आणि आपण नाचावं. मूळ चालीची सुरुवात माहीत असलेला एकटा होइट उरला होता, आणि तो पाटी बसली की दुसऱ्या दिवशी लबकला लेकीकडे कायमचा राहायला निघणार होता. बाकीची पोरं गाणं रेकॉर्डवरून शिकलेली.

"जमणार नाही, ओलेटा," होइट बीन्स खाता खाता म्हणाला. "मंद वाजवायला नुसती पट्टी पुरते. वेगाला बोटं लागतात. माझी बघ, मुळ्यासारखी झालीत."

"तुझी बोटं तेव्हाही मुळ्यासारखीच होती."

"तेव्हा मुळा कोवळा होता."

"होइट लिंडेमन, चाळीस वर्षं मी तुझं रडगाणं बसून ऐकलंय. एकदा तू माझ्यासाठी घाम गाळ."

होइटने आणखी बीन्स मागून घेतल्या. आमच्याकडे याला होकार धरतात.

शनिवारी दुपारी पाटीवरचा पडदा सरला. कार्यक्रमपत्रिकेत 'गीत (संथ)' असं छापलं होतं. ओलेटाने डब्यातलं पीठ बोटावर घेऊन चाटलं, खात्री केली, आणि जमीनभर भुरभुरलं. लोकांनी रुमाल काढून ठेवले.

होइटने सुरुवात केली आणि तिसऱ्या सुरावर अडखळला. सभागृहात सहानुभूतीचा उसासा उठला. म्हातारा गहिवरला, असं पुढच्या रांगेचं मत पडलं. "गहिवरलो नाही, चुकलो!" होइट ओरडला, आणि पुन्हा सुरू झाला. या वेळी बोटं सुटली. ड्रमवाला पोरगा आधी घाबरला, मग धावत सुटला.

ओलेटा उठली, पण जोडीला कोणी येईना. सगळे शोकाच्या तयारीने आलेले. मग तिने अध्यक्षांचाच दंड धरला.

"अहो मिस ओलेटा, मी समितीची आहे!"

"मी पुढे रेटते, तू मागे मागे जा. समितीला सवय असेल."

दुसऱ्या कडव्याला मॉरीनबाईंचा बिल्ला निसटून उडाला. तिसऱ्याला सगळी जमीन भरली, आणि फाटकापासून निघालेला तो माणूस एकदाचा घरी पोचला. "राणी, दार लोटून ठेव" या ओळीला ओलेटा इतकी हसत होती की तिला पावलांचं भान राहिलं नाही. पावलांना मात्र राहिलं.

होइटने बोटं बर्फाच्या बादलीत बुडवली आणि विचारलं, "झालं समाधान?"

"थोडं आणखी वेगात चाललं असतं," ओलेटा म्हणाली.

पाटीत दुरुस्ती करता येईल का, असं मॉरीनबाईंनी ओतकाम करणाऱ्याला विचारलं. पितळ एकदा थंड झालं की थंड, असं उत्तर आलं. तेव्हा 'या गीतावर सदर महिलेने आजन्म नृत्य केले नाही' हे वाक्य दाराशी कायम आहे.

सोमवारी ओलेटाने उजव्या बुटाला नवा तळवा लावून घेतला.