उरलेली उकड

खांदा कॉलनीत कमलाकर सरांचा केमिस्ट्रीचा क्लास म्हणजे त्यांच्या घराचा हॉल. तळोज्याच्या केमिकल कारखान्यांकडून वास आला की शिकवता शिकवताच ते म्हणायचे, "मनिषा, खिडकी लाव." अकरावीत माझी जागाच खिडकीपाशी. मी केमिस्ट्रीपेक्षा खिडकीच जास्त शिकले.

एका धड्याला मात्र सगळ्यांची दांडी गुल व्हायची. चार ग्रॅम हायड्रोजन, वीस ग्रॅम ऑक्सिजन, पाणी करायचंय. आधी काय संपेल? "हायड्रोजन. त्योच कमी हाय ना," गावातून येणारा महादेव सांगायचा आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. सर कपाळाला हात लावायचे. "अरे, नुसतं वजन काय बघता? चार ग्रॅम हायड्रोजनला बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आहे का तेवढा?" मग आत हाक जायची, "शोभा, आण तुझं सामान."

धडा यायचा दरवर्षी गणपतीच्या सुमारास; बारावीत उजळणीलाही तोच. शोभाकाकू तांदळाची उकड आणि सारण घेऊन यायच्या, आम्ही वेडेवाकडे मोदक वळायचो. सारण संपलं की मोदक थांबले, उकड कितीही उरो. "सारण म्हणजे लिमिटिंग रिएजंट," सर म्हणायचे, "आणि हिचा अंदाज कायमचा चुकलेला." काकू हसून उरलेल्या उकडीत मिरची-कोथिंबीर मळून निवगऱ्या करायच्या. सरांना डायबेटिस, मोदक वर्ज्य. निवगऱ्यांवर मात्र तुटून पडायचे. काय दिवस होते ते!

काकू मागच्या वर्षी गेल्या. सर अजून शिकवतात, पण तो धडा टाळतात. माझी लेक रेवा आता त्यांच्याकडेच जाते, आणि नेमकी तिथेच अडली. "यूट्यूबवर बघ," म्हणाले तिला. मला रागच आला. रविवारी उकड-सारण घेऊन, रेवाला पुढे घालून मी त्यांच्या दारात हजर.

सर नाही म्हणाले नाहीत. रेवा मोदक वळू लागली. मी मापं चोख घेतली होती. सारण संपलं तशी उकडही संपली. मी आपली खुशीत.

सर रिकाम्या परातीकडे बघत राहिले. "तुझं पहिल्याच खेपेला जुळलं," ते म्हणाले. "मग शोभाचं इतक्या वर्षांत एकदाही कसं जुळलं नसेल?" मग स्वतःच म्हणाले, "माझ्यासाठी मुद्दाम उकड उरवायची गं ती. आणि मी वर्गासमोर तिला हसायचो."

सरांनी चष्मा पुसला, खडू उचलला आणि रेवाकडे वळले.

"चार ग्रॅम हायड्रोजन, वीस ग्रॅम ऑक्सिजन. सांग बाळा, काय उरेल?"