बेसमेंटमधले देव

शिकागोजवळच्या ज्या गावात मी एम.एस. केलं, तिथे घर भाड्याने द्यायचं तर घरमालकाला गावाच्या ऑफिसातून लायसन्स काढावं लागतं. नियम साधे आहेत. नात्यात नसलेली तीनच माणसं एका घरात राहू शकतात. आणि बेसमेंटमध्ये कोणी झोपणार असेल, तर त्या खोलीला माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी हवी. माझ्या खोलीची खिडकी छताला चिकटलेली होती, तिच्यातून मांजरसुद्धा अंग चोरून गेलं असतं. वरच्या तीन बेडरूममध्ये तीन मुली राहायच्या. खाली चौथी मी.

घर घेताना हे नियम मला कोणी सांगितले नव्हते. आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज होता: मराठी घरमालक, घरच्यासारखं वातावरण, व्हेजिटेरियन मुलींना प्राधान्य. नागपुरात बसलेल्या आईला तेवढं पुरे झालं. घरमालक काका आणि काकू दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या मोठ्या घरात राहायचे. काकू चतुर्थीला आम्हा चौघींना मोदक पाठवायच्या, ताप आला तर मऊ भात आणून द्यायच्या. त्यांना वाईट म्हणायची वेळ नंतर आली.

ऑक्टोबरमध्ये लायसन्स रिन्यू करायचं होतं आणि त्यासाठी इन्स्पेक्टर घर बघायला येणार होती. काका आमच्या हॉलमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "लायसन्स गेलं तर चौघींनाही निघावं लागेल गं. सेमिस्टरच्या मध्ये कुठे जाल?" ते धमकी देत नव्हते, खरंच सांगत होते. त्या गावात सगळ्यांच्या लीज ऑगस्टला सुरू होतात, मध्येच खोली मागितली तर लोक हसतात. मग काका माझ्याकडे वळले. "एक दिवसासाठी तुझ्या खोलीत देवघर मांडू. ही माणसं देवघरात फार खोलात शिरत नाहीत, बिचकतात. संध्याकाळी तुझी खोली तुला परत."

मला इतका राग आला की कान तापले. पण राग घेऊन झोपणार कुठे होते मी? हो म्हटलं.

माझी गादी, टेबल, कपड्यांच्या बॅगा, सगळं काकांच्या व्हॅनमध्ये गेलं. शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून त्यांनी लाकडी देव्हारा आणला, समई आणली, प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा आणल्या. काकूंनी घरातले जास्तीचे देव आणले: गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. "नुसते मांडून ठेव," काका म्हणाले आणि गेले. आता नुसते मांडायचे कसे? आमच्या घरी सकाळची पूजा माझ्याकडे असायची. देव डब्यातून काढून शोकेसमधल्या बाहुल्यांसारखे ठेवायला माझा हात धजेना. मी अंघोळ करून आले, देवांना स्नान घातलं, गंध, अक्षता, फुलं वाहिली, दिवा लावला, साखरेचा नैवेद्य दाखवला. आरतीही म्हटली. काकू मागे हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मलाही भरून आलं, हे खोटं कशाला सांगू. घर सोडून आल्यापासून मी एकदाही पूजा केली नव्हती.

इन्स्पेक्टर उंच, वयस्क बाई होती. खाली आल्यावर तिने न सांगता बूट काढले. काकांचा अंदाज तेवढ्यापुरता चुकला, ती बिचकली नाही. आत आली, वरच्या खिडकीकडे बघितलं, मग मला विचारलं, इथे कोणी झोपतं का?

"नाही," मी म्हटलं.

बरं झालं, ती म्हणाली. गेल्या हिवाळ्यात अशाच एका खोलीतून आम्ही एका विद्यार्थ्याला बाहेर काढलं, धुराने जिन्यावर येता आलं नाही त्याला, खिडकीपाशी सापडला. ती शांतपणे बोलली आणि देवांकडे बघून मान झुकवून वर गेली. मी त्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि तिच्यामागे वर गेले. तरी काकांच्या तोंडावर सुटका दिसली तेव्हा मीही हसले. लायसन्स मिळालं.

संध्याकाळी मी गादी घेऊन जिना उतरायला लागले, तर काकू खोलीच्या दारात.

"अगं, मांडलेले देव असे कसे हलवायचे?"

"काकू, मीच मांडलेत, मीच उचलते."

"इतकं मनापासून केलंस तू. जागृत झालीय गं ती जागा. आणि तिथे पाय पसरून झोपणार? तुझे चार दिवस आले की काय करशील?"

मी काकांकडे बघितलं. ते व्हॅनच्या किल्ल्यांशी खेळत होते. म्हणाले, "काही दिवस हॉलमध्ये ॲडजस्ट कर ना. तिला एकदा वाटलं की वाटलं."

वरच्या मुलींनी आठवडाभर सोसलं. मग त्यांच्यातली पुण्याची होती ती एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "यार, तू पर्सनली घेऊ नकोस, पण सोफ्यावर कोणी झोपलेलं शेजाऱ्यांनी बघितलं आणि कम्प्लेंट केली तर?" तिचंही चुकत नव्हतं. मी खरं बोलले असते तर त्या तिघी माझ्यापायी रस्त्यावर आल्या असत्या. खरं न बोलता मी एकटी येणार होते. खाली शुक्रवारी काकूंच्या मैत्रिणी जमायच्या, आरत्या व्हायच्या, वर मी सोफ्यावर असाइनमेंट करत बसायचे. टाळ्यांचा आवाज यायचा तेव्हा वाटायचं, खाली जाऊन समई लाथेने उडवावी. देवा, माफ कर, पण वाटायचं.

नोव्हेंबरअखेर मी निघाले. लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या अपार्टमेंटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात गादी टाकायला जागा मिळाली, तीही तिच्या मालकाला न सांगता. काकूंनी जाताना डब्यात लाडू दिले. मी घेतले.

जानेवारीत एका अनोळखी मुलीचा फोन आला. जळगावची, नुकतीच आलेली. माझं युनिव्हर्सिटीचं काही टपाल त्या घरी आलं होतं, म्हणून तिने वरच्या मुलींकडून नंबर घेतला होता. मी सहज विचारलं, "कुठली खोली मिळाली तुला?"

"खालची, ताई. छोटी आहे, पण उबदार आहे एकदम."

"आणि देव?"

"ते ना, काकूंनी नाशिकच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला होता म्हणे. अक्षता वाहून वर किचनमध्ये हलवले. काका म्हणाले, जागा रिकामी ठेवून कसं परवडणार."

पुढचं ती काय बोलली ते मी नीट ऐकलंच नाही. दोन महिने मी ज्या देवांमुळे परक्याच्या हॉलमध्ये लोळत होते, ते देव एका फोनवर हलले होते. मी तिला खिडकीचं सांगितलं, धुरात अडकलेल्या त्या मुलाचं सांगितलं. ती म्हणाली, "अहो ताई, काही होत नाही. स्मोक अलार्म आहे ना, फोडणी दिली की लगेच ओरडतो, म्हणून काढून ठेवलाय सध्या."

दुसऱ्या दिवशी मी गावाच्या ऑफिसात फोन केला. नाव विचारलं, ते दिलं. त्यांनी फोन इन्स्पेक्टरला जोडून दिला. तिला मी आठवत होते. मी तिला सांगितलं की तेव्हा खोटं बोलले होते आणि आत्ता त्या खोलीत एक मुलगी झोपते आहे. तिने मला एका शब्दानेही दुखावलं नाही. बेसमेंट रिकामं करायला लागेल, एवढंच म्हणाली. मी विचारलं, मग त्या मुलीचं काय? त्यावर तिच्याकडे एका संस्थेचा नंबर होता. संस्थेकडे वेटिंग लिस्ट होती.

आठवड्याच्या आत मुलीला बाहेर काढलं. लायसन्स गेलं नाही. वरच्या तिघी कायद्यात बसत होत्या, त्या राहिल्या. बाहेर सगळं गोठलेलं होतं. तिला त्या गावात कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून तिने मला फोन केला आणि मी म्हटलं, इकडे ये. मैत्रिणीने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही.

मुलगी दोन बॅगा घेऊन आली. वीस-एकवीस वर्षांची, नाक लाल झालेलं, पातळ जॅकेट. मी चहा केला. पहिला घोट घेताच ती रडायला लागली. "ताई, काका-काकू किती चांगले होते माझ्याशी. कोणी केली असेल हो तक्रार? काय मिळालं असेल त्या माणसाला?"

"मी केली," मी म्हटलं.

तिने कप खाली ठेवला. उठून जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, दोन्ही बॅगा उचलल्या आणि दारापर्यंत गेली. दार उघडलं. थंडीचा झोत आत आला. ती तशीच उंबऱ्यावर उभी राहिली, रस्त्याकडे बघत. मग तिने दार लावलं, बॅगा खाली ठेवल्या आणि माझ्यापासून जमेल तितकी लांब, भिंतीला टेकून बसली.