हातावरचं दही

काल माझी नात जर्मनीला निघाली. सुनेने तिच्या हातावर दही घातलं आणि त्या आंबूस वासाने माझं डोकं पुन्हा तापलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, पुढे शिकायचं म्हणत होते. नैरोबीच्या काकांनी मात्र तिथल्या शाळेत माझ्यासाठी नोकरी पाहून ठेवली. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, विषय काढला. शेजारच्या पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. मला कोणी विचारलंच नाही. एका सकाळी आईने माझ्या हातावर दही घातलं.

"हे कशाला गं?"

"पासपोर्टच्या कचेरीत जायचंय ना? ठरलंय तुझं."

अण्णा मोर्चाला निघाले होते, दारात चपला घालत होते. मी दह्याचा हात तसाच त्यांच्यापुढे धरला.

"मुंबईचं दिल्लीने परस्पर ठरवलं की तुम्ही रस्त्यावर उतरता. आणि माझं तुम्ही परस्पर ठरवलेलं चालतं?"

"ती गोष्ट वेगळी," असं म्हणून अण्णा घोषणा देत जिना उतरले.

मी मोरीत हात खसाखसा धुतला आणि एम.एस्सी.ला नाव घातलं.

वेगळी कशी, ते मात्र अण्णांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.