चमचाभर पाणी

आमच्याकडे दवाखान्यात कुणाला भेटायला गेलेला माणूस आपल्या हातानं दोन घास भरवल्याशिवाय परतत नाही. बिस्कीट, चहा, शहाळ्याचं पाणी, काहीही. या मायेनं मला नर्सच्या नोकरीभर जेरीस आणलं आहे.

एका म्हातारीला लकवा मारला होता. जीव वाचला, पण गिळणं गेलं. तोंडातून पाणी दिलं तर ते फुप्फुसात उतरायचं, म्हणून नाकातून नळी घातली होती. मी खाटेला 'तोंडानं काही देऊ नये' अशी पाटी लावली, तिच्या लेकीला दहादा बजावलं, येणाऱ्या प्रत्येकावर खेकसले. म्हातारी मात्र दिवसभर "पाणी, पाणी" करायची. ओल्या कापसानं ओठ पुसले की तो कापूसच चोखायची. मला ते बघवत नसे.

एका दुपारी तिचा थोरला भाऊ रोहण्याहून आला. त्याला मी दारातच अडवलं.

"काका, तोंडानं थेंबभरही पाजू नोका. नळीतून देऊन राह्यलो आमी तिले."

"नळीनं तहान भागते का, बाई?"

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर रक्त चढत असलेल्या बाईला हुडहुडी भरली. वॉर्डात मी एकटी, तिकडे धावले. रक्त चढवणं बंद करता करता मागे पाहिलं, तर लेक औषध आणायला खाली गेलेली आणि म्हातारा बहिणीच्या ओठांना चमचा लावतोय. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. पाणी आत गेलं होतं.

ठसका, निळे पडलेले ओठ, मग घशातलं पाणी ओढून काढणाऱ्या सक्शनची घरघर. श्वास परत आला, पण संध्याकाळपर्यंत ताप चढला, छाती भरली. म्हातारा भिंतीशी बसून ज्याला त्याला सांगायचा, "पाणीच त पाजलं नं मी." मला त्याचा संताप येत होता आणि कीवही.

दोन-तीन दिवसांनी तिला सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. गाडी यायच्या आतच डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता नेण्यात अर्थ नाही. शेवटचं पाणी मोठ्या माणसानं पाजायचं, म्हणून तिनं मामापुढे वाटी धरली. त्यानं चमचा भरला. निम्मं पाणी चादरीवर सांडलं. बहिणीच्या तोंडाजवळ नेलेला चमचा त्यानं तसाच थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, आता देऊ का?"

"द्या, काका," मी म्हटलं.