फेबियनचा तह

माझा नवरा फेबियन आयुष्यभर घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरला. आकडा चुकला म्हणून आमच्या वसईच्या भुईगावात त्याच्याशी कधी कोणी भांडलं नाही. निवृत्त होऊन घरात बसला, तिथेच घोटाळा झाला. रिकामा पुरुष आणि हातात मोबाईल! डोक्याला ताप नुसता.

झालं असं, की आमच्या वाडीमागची जुनी विहीर ज्या जमिनीत आहे, ती एका बाहेरच्या बिल्डरने घेतली आणि विहिरीच्या वाटेवर भिंत घालायचं ठरवलं. घरात लग्न असलं की आदल्या दिवशी आम्ही बायका वाजतगाजत त्या विहिरीवर जातो, नवरीच्या नाहीतर नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आणतो. आम्ही ख्रिस्ती आणतो, तसंच शेजारच्या द्वारकाताईंकडची हिंदू मंडळीही आणतात. भिंत झाली की ते कायमचं बंद. फेबियन पेटून उठला. त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही, रडू मलाही आलं होतं.

पण नेमका तेव्हाच आमच्या मुलाने, डिलनने, अमेरिकेहून एक व्हिडिओ पाठवला, गंमत म्हणून. तिकडे काही लोक स्वतःला मूर, म्हणजे जुन्या मोरोक्कोवाल्यांचे वंशज, म्हणवतात. मोरोक्कोच्या सुलतानाने सव्वादोनशे-अडीचशे वर्षांमागे अमेरिकेशी तह केलाय, आम्ही त्याची माणसं, आम्हाला गाडी चालवायला लायसन लागत नाही, असं ते पोलिसाला ठणकावून सांगतात. फेबियनने अर्धाच व्हिडिओ बघितला आणि खुर्चीतून उठलाच.

"ॲनी, तह आपलाही आहे गं! सतराशे एकोणचाळीस! मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा ठरलंय, मागे राहतील त्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल. लग्नाचं पाणी त्यातच आलं!"

"अरे, पण पाणी द्वारकाताईपण नेतात ना?"

"तू मध्ये बोलू नकोस."

एका वकिलाने समजावलं, त्याचंही ऐकलं नाही. स्वतःच कोर्टात दावा टाकला, त्यात जिथे-तिथे 'आम्हा ख्रिस्ती लोकांची विहीर'. चर्चमध्ये पोरं त्याला तहवाले अंकल म्हणायला लागली. त्याचं त्याला कौतुक वाटायचं! वर्षं गेली, तारखा पडत राहिल्या आणि बिल्डरने विटा आणून टाकल्या.

विटा दिसल्यावर मात्र गडी हबकला. मग मी त्याला ओढतच जूचंद्र गावच्या पूर्वी नावाच्या वकिलीणबाईंकडे नेलं. वयाने लहान, पण बोलायला एकदम स्पष्ट.

"अंकल, व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग बघितलात? जजने त्यांना दंड ठोकलाय. तो तह दोन देशांमध्ये अजून चालू आहे, पण त्याने कोणाला तिथला कायदा चुकवता येत नाही. तुमच्या तहातली दोन्ही राज्यं तर इथून कधीच गेली. जुन्या राजाचा शब्द नव्या सरकारने स्वतः मानला नसेल, तर कोर्ट तो पाळायला लावत नाही. धर्म पाळायचा हक्क संविधानाने दिलाय. पण दुसऱ्याच्या जमिनीतून वाट हवी असेल तर वहिवाट दाखवा. गावाचा रिवाज. कोण जातं, कधीपासून जातं, ते सांगणारं माणूस आणा."

"द्वारकाताई," मी म्हटलं. गावात त्यांच्याएवढी लग्नं कोणी पाहिलीत?

फेबियनचा चेहरा पडला. तरी संध्याकाळी माझ्याबरोबर त्यांच्याकडे गेला. द्वारकाताई ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"विहीर तुमची ना रे? मग मी कशाला येऊ? माझी सासू काय चोरून पाणी आणत होती?"

"चुकलो, ताई."

त्यांनी उरलेल्या कळ्या निवडून संपवल्या. मग आत जाऊन चहा टाकला. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

पूर्वीने दावा दुरुस्त करून घेतला, द्वारकाताईंचं नाव आमच्याबरोबर लागलं. साक्षीच्या दिवशी बिल्डरचा वकील त्यांना गोड आवाजात म्हणाला, "आजी, तुम्ही सभ्य माणसं. पाणी नेण्याआधी जमिनीच्या मालकाची परवानगी घेत असाल ना?"

पूर्वी एकदम ताठ बसली. तिने आम्हाला आधीच सांगितलं होतं, मागून घेतलेली वाट ही मेहेरबानी असते, हक्क नसतो. हो म्हटलं की संपलं.

"परवानगी?" द्वारकाताई म्हणाल्या. "घेते की. विहिरीची. नारळ देते, हात जोडते, मग कळशी बुडवते. ही ख्रिस्ती मंडळी क्रूसाची खूण करून बुडवतात. माणसाला कशाला विचारायचं? माणूस काय पाणी देतो?"

निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही, असा त्याच दिवशी हुकूम झाला. मी आनंदाने द्वारकाताईंना मिठीच मारली. फेबियन मात्र बाकावर तसाच बसून राहिला. पाणी दिलं तर प्यायला नाही.

रिक्षात बसल्यावर म्हणाला, "ॲनी, इतकी वर्षं मी परवानगीच शोधत होतो गं. मेलेल्या राजाची."

डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे. मी पर्समधला रुमाल काढून दिला. द्वारकाताई मात्र पुढच्या सीटकडे वाकून रिक्षावाल्याला म्हणाल्या, "सावकाश घे रे बाबा, माझा भाऊ रडतोय."