एक्केचाळीस नंबरच्या बाकाची नोंद

सभागृहात मत मोजायची एक जुनी रीत होती. घंटा वाजली की दारं बंद व्हायची आणि मग कुणी जागचं हलायचं नाही. आधी बाजूचे उभे राहायचे, मग विरोधातले, आणि बाकांचा नकाशा हातात घेऊन कारकून रांगांमधून सावकाश चालत जायचा. ज्या बाकापाशी माणूस उभा, त्या आकड्यावर खूण. तोंड बघायचं नाही, बाक बघायचं. तोंड बघितलं की ओळख आडवी येते, अशी जुन्या लोकांची शिकवण होती.

हे काम ज्यानं एकतीस वर्षं केलं त्याला सगळं कार्यालय खूणकर म्हणायचं. खरं आडनाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच राहिलं. खूणकराच्या नकाशावर उभ्या आयुष्यात एक खाडाखोड नाही, असं शिपाईसुद्धा नव्या माणसाला सांगायचे. हे ऐकलं की तो मान खाली घालायचा, पण कान तिकडेच असायचे.

प्रत्येक आमदाराची एक फाईल त्याच्या ताब्यात होती. किती दिवस हजर, काय प्रश्न विचारले, कुठं कसं मत दिलं, कोणती विधेयकं आणली. माणूस पाच वर्षं घसा कोरडा करतो आणि शेवटी त्याचं दीड पान उरतं.

निवृत्तीला आठ दिवस होते, तेव्हा खिडकीशी एक वाळलेला म्हातारा येऊन उभा राहिला. शाळेतली मास्तरकी सोडून एकदाच आमदार झालेला, सगळे त्याला मास्तर म्हणत.

"माझं पान काढून ठेवा. सोमवारी येतो."

"कशाला हवंय, मास्तर?"

"घरात असावं. मेल्यावर लोक काहीही सांगतात. अर्थात जिवंतपणीही कमी नाही सांगितलं."

मास्तर हसला आणि गेला. खूणकरानं फाईल काढली. पान कोणतं हे त्याला ठाऊक होतं, तरी तो पहिल्यापासून वाचत बसला, जणू वाटेत कुठंतरी ते पान गळून पडलेलं असेल. नव्हतं गळालं. मास्तरनं आयुष्यात एकच विधेयक आणलेलं: शाळेपासून हजार पावलांच्या आत दगडाची खाण नको. त्याच्या शाळेच्या अंगणात सुरुंगाचे दगड येऊन पडायचे. विधेयक पडलं. मास्तरचं मत? गैरहजर.

निवडणुकीत हेच पान घरोघर वाटलं गेलं. भाषण ठोकलं आणि मताच्या वेळी स्वतःचं लेकरू पाण्यात सोडून पळाला, असं लोक बोलले. खाणवाल्यांनी गप्प केला, असंही बोलले. मास्तर पडला तो पुन्हा उठला नाही. त्यानं नोंद दुरुस्त करायचा अर्ज केला होता. उत्तर गेलं, नोंद अंतिम आहे.

त्या दिवसापासून खूणकराचं बूड खुर्चीला टेकेना. चहा मागवायचा आणि साय धरेपर्यंत बघत राहायचा. कपाट उघडायचा, काय काढायला उघडलं ते विसरायचा. घरी बायको म्हणाली, "अहो, आठ दिवसांनी घरातच येणार आहात. तेव्हाही असेच खोलीभर हिंडणार असाल तर आत्ताच सांगा, मी माहेरी जाते." एरवी तो हसला असता.

शुक्रवारी तो मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. साहेब वयानं पंधरा वर्षांनी लहान.

"साहेब, अकरा वर्षांपूर्वीची एक नोंद चुकली आहे. मास्तर त्या दिवशी होते. त्यांच्या एक्केचाळीस नंबरच्या बाकाचा माईक बंद पडला, म्हणून शेजारच्या बेचाळीस नंबरवरून बोलले. तिथला आमदार त्या दिवशी आलाच नव्हता. बोलणं संपलं, घंटा झाली, दारं बंद. मास्तर तिथंच उभे राहिले आणि मत बेचाळीसच्या नावावर गेलं."

साहेबांनी चष्मा काढला. "खूणकर, तुम्ही? तुमच्या कागदावर?"

"माझ्याच."

"पाच दिवस राहिलेत हो. गुपचूप हार घालून घ्या ना."

"दुरुस्ती खूण करणाऱ्याच्याच हातची लागते, आणि तीही तो नोकरीत असताना. माझ्यानंतर हे कुणाला जमायचं नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "बरं. नजरचुकीनं झालं असं लिहा. चौकशी नको, बोभाटा नको. संध्याकाळपर्यंत सही करतो."

त्यानं तसं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, आणि त्या सुरेख अक्षराचीच त्याला शिसारी आली. सही झाली, शिक्का बसला. आता जीव हलका व्हायला हवा होता. झाला नाही. शनिवार-रविवार तो पायांत काटा मोडल्यासारखा वावरला.

सोमवारी मास्तर आला. खिडकीशीच उभ्या उभ्या त्यानं पान वाचलं. 'हजर. बाजूने.' तिथं बोट ठेवून थांबला. खाली दुरुस्तीचं कारण होतं.

"नजरचूक," मास्तर म्हणाला. "एवढंच होतं होय! होतं बाबा, माणूस आहे."

तो मोठेपणा खूणकराला सोसवेना. तो खिडकीमागून उठला, वळसा घालून बाहेर आला.

"मास्तर, नजर चुकली नव्हती. मी तुमचं तोंड बघितलं होतं. हा माणूस या बाकाचा नव्हे, हे कळलं होतं मला. पेन तोवर बेचाळीसवर टेकलं होतं. खोडावं लागलं असतं. वीस वर्षांत खोडलं नव्हतं मी. म्हटलं, नियम बाकाचा आहे, आणि पुढं चाललो."

मास्तरचा चेहरा आधी विझला, मग पेटला.

"खोडावं लागलं असतं? एका रेघेसाठी? अरे, बाजारात पोरं मला 'गैरहजर आले, गैरहजर आले' म्हणून चिडवायची! माझीच शिकवलेली!" तो धापा टाकू लागला. खूणकर मान खाली घालून उभा राहिला. आतले कारकून माना उंचावून बघत होते.

"चप्पल घाल," मास्तर म्हणाला.

"कुठं?"

"माझ्या घरी. हे आत्ता जे बोललास, ते माझ्या बायकोसमोर बोल. अकरा वर्षांत एक शब्द विचारला नाही तिनं. वेळच्या वेळी ताट वाढलं, सगळं केलं. पण तिला वाटतं, मी पळालो."

बसमध्ये दोघं तासभर शेजारी बसले. घराच्या दारात मास्तरची बायको धान्य निवडत होती. नवऱ्यानं पुढं केलेला कागद तिनं घेतला नाही.

"ठेवा कपाटात. असले कागद पुष्कळ बघितले."

"वहिनी," खूणकर उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "त्या दिवशी मास्तर हजर होते. बाजूने उभे राहिले होते. मी डोळ्यांनी बघितलं आणि लिहिलं नाही."

तिचे हात सुपातच थांबले. खूणकराकडे तिनं पाहिलंच नाही. नवऱ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत मला."

"सांगितलं होतं."

"आणि मी कागदाचं ऐकलं."

तिनं सूप बाजूला सारलं आणि सतरंजीवर त्याला जागा करून दिली. खूणकर उन्हात उभा होता. त्याला या म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही, आणि त्यानंही वाट पाहिली नाही.