अर्धवट धुतलेली फिल्म

“साचलेल्या पाण्यात फिल्म धुतली जात नाही, नुसती भिजते,” असं तो बोट वर करून सांगायचा आणि आम्ही जिन्यात तोंड फिरवून हसायचो.

तुमच्याही इमारतीत असा एखादा असेल. आमचा हा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅबला होता. गळ्यात कॅमेरा, आणि ऐट अशी की जणू दिल्लीहून बोलावणं येणार आहे. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून त्याने तिथे डार्करूम केली होती. बदलापुरात नळाला तासभर पाणी, बायका हंडे भरायच्या घाईत, आणि हा वरच्या मजल्यावर फिल्मवर नळ सोडून बसलेला. कोणी बोललं की व्याख्यान. “हायपो नावाच्या रसायनाने चित्र पक्कं होतं, पण ते फिल्मवरून नीट धुतलं नाही तर आज काही कळणार नाही, काही वर्षांनी डाग पडतील.” आम्हाला संध्याकाळच्या भांड्यांची काळजी, याला काही वर्षांनंतरची.

परवा सोसायटीच्या स्मरणिकेत याच्यावर एक विनोदी लेख आला. तळमजल्यावरच्या मामींचा फोटो घालवणारा हौशी फोटोग्राफर, असा. लिहिणारा तेव्हा पाळण्यात होता. त्याला वाटतं, त्या माणसाला फिल्म धुता येत नव्हती. म्हणून हे लिहितो आहे.

मामी कॅमेरा दिसला की आत पळायच्या. एका हळदीकुंकवाला मात्र वाण हातात घेऊन चक्क हसल्या, आणि याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म धुणं सुरू असताना मी वरच्या मजल्याचा व्हॉल्व बंद केला. टाकीत पाणी होतं. मी सेक्रेटरी होतो आणि मला त्याची जिरवायची होती.

तो ओल्या हातांनी खाली आला.

“काका, पाणी गेलं?”

“नगरपालिकेला विचार.”

“कोणाकडे दोन बादल्या मिळतील?”

“फिल्मला आंघोळ घालायला? नाही मिळणार.”

तिकडे मामींनी धोशा लावला होता, परक्या पुरुषाच्या घरात माझा फोटो नको. संध्याकाळी मामा वर गेले. “अजून धुवायची राहिलीय, मामा. उद्या देतो,” तो म्हणाला. मामांनी दोरीवरून फिल्म काढून घेतली आणि कपाटात टाकली. प्रिंट काढायचा प्रश्नच नव्हता. जिवंत बाईचा फोटो भिंतीवर लावायचा कशाला.

मग तो मामांच्या दारात येऊन उभा राहू लागला. “फिल्म द्या, पुन्हा धुऊन आणतो.” दुसऱ्याच्या बायकोचा फोटो मागतो म्हटल्यावर जिन्यात काय काय बोललं गेलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांत मोठ्याने मीच बोललो. त्याच्या कानावर गेलं असावं. तो यायचा बंद झाला.

काही वर्षांनी मामी गेल्या. भिंतीवर लावायला मामांनी फिल्म बाहेर काढली, तर चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी डाग. मामींचा दुसरा फोटो नव्हता.

मामांनी त्याला जिन्यात गाठलं. “एवढा शहाणा ना तू? माझी बायको पुसून टाकलीस.”

त्याने फिल्म कडांनी धरून बराच वेळ उजेडात पाहिली. पाण्याचं नाव काढलं नाही, बादल्यांचं नाही, फिल्म परत मागितल्याचंही नाही. “धुणं कमी पडलं, मामा,” एवढंच म्हणाला. मी दोन पायऱ्या वर उभा होतो.

मामा मरेपर्यंत त्याला शिव्या देत राहिले. बहुतेक वेळा त्या माझ्यासमोर, चहा पिता पिता.

मामी गेल्या त्याच वर्षी त्याने उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये जागा घेतली. टेम्पोत सामान भरून झाल्यावर तो माझ्या दाराशी आला. आता तरी त्या दिवशीच्या पाण्याचं बोलणार, असं मला वाटलं.

“काका, टाकीत गाळ फार बसलाय,” तो म्हणाला. “पोरं पितात ते पाणी. साफ करून घ्या.”

मी म्हणालो, बघतो.